डाव्या हाताचे देव

आमच्या घरमालकीणबाईंच्या देवघराला भेटीची वेळ ठरलेली होती : चार ते सहा. त्याआधी कोणी हात जोडून दारात उभे राहिले, तर ते गावचे सरपंच असोत की बाईंचे सख्खे व्याही, त्यांना ओट्यावर ताटकळावे लागे. बंद दाराआडून आवाज येई, "थांबा. ड्रेसिंग चालू हाय. नातेवाईक भाईर."

नोकरीत असताना त्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे लोटली तरी कर्जत रस्त्यावरच्या त्या गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. लहानथोर सगळे नर्सबाईच म्हणत. तालुक्याच्या न्यायालयात माझा बांधाचा दावा चालू होता आणि दर तारखेला नगराहून एस.टी.चे हेलपाटे घालण्यापेक्षा तिथेच राहून प्रतिपक्षाला नामोहरम करावे, या हेतूने मी त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. भाडेकरार मीच तयार केला. व्याख्या, कलमे, पोटकलमे, सर्व यथास्थित होते. त्यांनी चष्मा पुसून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "भाऊ, एक कलम ऱ्हायलं. माझं देवघर तुमच्या पूर्वेच्या कोपऱ्याखाली येतं. त्या कोपऱ्यात कॉट टाकायची न्हाई." मी ते कलम समाविष्ट केले. त्या करारातले तेवढे एकच कलम उभय पक्षांनी मनापासून पाळले, असे माझे आजही मत आहे.

देवघरात चांदीचे तीन टाक होते : खंडोबा, भवानी आणि सासरच्या कुळातला एक वीर. ज्यांच्या घरी टाक नसतात त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे तळहातात सहज मावणारा चांदीचा पातळ पत्रा. सोनार तो ठशावर ठोकतो आणि त्यावर देव उमटतो. खंडोबा असेल तर घोडा, घोड्यावर देव, मागे म्हाळसा, हातात उगारलेली तलवार. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याला आंघोळ घालतात, चिंचेच्या कोळाने, रांगोळीने, अंगठ्याने चोळतात, आणि देव हळूहळू झिजत जातो. नाक जाते, डोळे जातात, घोड्याचे पाय एकमेकांत मिसळतात. शिल्पकलेवर लिहिणाऱ्या विद्वानांनी मंदिरातल्या दगडांवर ग्रंथ लिहिले, घरातल्या या झिजलेल्या चांदीवर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वस्तुतः सोनाराने अर्ध्या दिवसात घडवलेल्या त्या पत्र्याचे उरलेले सारे शिल्पकाम घरातल्या बायकांच्या अंगठ्यांनी केलेले असते.

या तिघांखेरीज एक पितळी अन्नपूर्णा होती. तिचा पळी धरलेला हात एकदा मनगटाशी मोडला. भटजींनी सांगितले, मूर्ती खंडित झाली, आता नदीत विसर्जन करा. नर्सबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की ते दक्षिणा न घेताच उठले असते.

"गुरुजी, हात मोडला म्हनून तुमी पेशंट नदीत सोडता व्हय?"

"अहो बाई, शास्त्रात..."

"शास्त्र ऱ्हाऊ द्या. हाड बसवायचं शास्त्र मला हाय."

त्यांनी तांब्याच्या तारेची कामटी केली, वर प्लास्टर लावले आणि अन्नपूर्णा गळ्यात झोळी बांधलेल्या रुग्णासारखी देवघरात बसली. प्लास्टर पुढे काढले; तार कायम राहिली.

मुलगा सुप्याला कारखान्यात नोकरीला होता. त्याच्याकडे जाताना त्या चारही देवांना स्टीलच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून नेत. एकदा मी बरोबर होतो. वाहकाने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायला घेतला, तर यांनी त्याचा हात धरला.

"वर न्हाई. मांडीवर."

"मावशी, डब्यात काय लाडू हायेत का?"

"पेशंट हायेत. बस हळू चालव म्हनावं डायवरला."

वाहक हसला, पण बस खरोखर हळू चालली. चालक त्यांच्याच हातावर जन्मलेला निघाला.

अशा घरात श्रावणात चोरी झाली. बाई सुप्याला गेल्या होत्या, या वेळी नेमके दोनच दिवसांसाठी म्हणून देव घरी ठेवून; मी बांधाच्या मोजणीसाठी शेतावर होतो. चोरट्याने कपाट उचकटले नाही, भांडी हलवली नाहीत. तीन टाक तेवढे नेले. अन्नपूर्णा पितळेची, वर तारेने बांधलेली, म्हणून तिला वगळले. नर्सबाई देवघरासमोर उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "प्लास्टरवाल्या पेशंटला पळता येत न्हाई." नंतर त्यांनी रिकामा चौरंग पुसला. दुसऱ्या दिवशीही पुसला. दार लावून, ठरल्या वेळी, रोज. मी न राहवून विचारले, तर म्हणाल्या, "पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला म्हनून बेड झाडायचा न्हाई का? ड्युटी ती ड्युटी."

भाद्रपदात चोर सापडले. त्यांनी आसपासच्या अनेक गावांतून फक्त टाकच चोरले होते. ते सगळे वितळवण्याच्या आधीच पोलिसांच्या हाती लागले, याबद्दल मी संबंधितांचे लेखी अभिनंदन केले आहे आणि ते मागे घेत नाही. परंतु पंचनाम्याची प्रत माझ्या हाती आली तेव्हा माझ्या कानशिलांत रक्त चढले. तीत लिहिले होते : ‘पांढऱ्या धातूचे चपटे नग, नक्षीयुक्त, झिजलेले.’ देव हा शब्द संपूर्ण कागदात कोठेही नव्हता! मी त्याच बैठकीत तीन अर्ज लिहिले. पहिला ठाण्याला, दुसरा वरिष्ठांना, तिसरा न्यायालयाला. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ४५१, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४९७, यान्वये मुद्देमाल अंतरिम ताब्यात मिळावा, ही माझी मुख्य मागणी. त्यापुढे मी असे प्रतिपादन केले होते की, विधिवत् पूजिलेली देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरू शकते, आणि व्यक्तीला पोत्यात बांधून, लाखेचा शिक्का मारून, मुद्देमालाच्या खोलीत डांबून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

नर्सबाईंना मी तो अर्ज वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"भाऊ, तेवढं देवाला मानूस ठरवलेलं खोडा."

"का? हाच तर कणा आहे अर्जाचा."

"मानूस ठरला की जामीन मागतील. खंडोबाला जामीन कोन ऱ्हानार?"

मी तो परिच्छेद खोडला. आयुष्यात स्वतःचा परिच्छेद मी क्वचितच खोडला आहे.

ठाण्यात ओळख पटवण्यासाठी बोलावणे आले. टेबलावर वर्तमानपत्र पसरले होते आणि त्यावर टाक मांडलेले : काळवंडलेले, चकचकीत, दुमडलेले, पिंजर माखलेले. देवघरातून निघालेल्या देवांची ती ओळख परेड पाहून मी चौथ्या अर्जाचा मजकूर मनात जुळवू लागलो. हवालदार चांगला माणूस होता, पण त्याने प्रामाणिकपणे डोके खाजवले.

"बाई, घोडा, मानूस, तलवार. सगळे सारखेच की. तुमचा कंचा?"

नर्सबाईंनी क्षणही न घालवता तिन्ही देव बाजूला काढले. भवानी आणि वीर यांवर कोणी हरकत घेतली नाही. खंडोबा उचलला, तेव्हा मात्र शेजारून एक भलामोठा पंजा पुढे आला.

"त्यो आमचा हाय."

तो पंजा पलीकडच्या वाडीवरच्या पैलवानांचा. वय झालेले, कान मुडपलेले, फेटा मात्र अजून आखाड्यातल्यासारखा. त्यांच्याही घरचा खंडोबा चोरीला गेला होता. खोटे बोलणारा माणूस तो नव्हे. दोन्ही घरचे देव एकाच सोनाराने एकाच ठशावर ठोकलेले होते आणि त्याच्या घोड्याची मान पैलवानांना आपल्या घरच्यासारखी दिसली.

"पैलवान, नीट बघा. हा माझा हाय."

"नर्सबाई, तुमचा मान मोठा हाय. माझी पोरं तुमच्याच हातची. पर देव न्हाई सोडायचा."

हवालदाराने टाक परत पिशवीत टाकला. दोन दावेदार म्हणजे निर्णय न्यायालयाचा.

त्या संध्याकाळी मी बाईंना कायदा समजावून सांगितला. "ओळखीची खूण लागेल. नुसते ‘माझा आहे’ म्हणून चालणार नाही. डाग, खरवड, डाख दिलेली जागा, काही तरी सांगा." त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "खूण हाय. पन ती सांगितली तर देव मिळंल आन्‌ देवघर जाईल."

तेव्हा प्रथम त्यांनी मला दार लावून घेण्याचे कारण सांगितले. त्या डावखुऱ्या होत्या. इंजेक्शन डाव्या हाताने, टाके डाव्या हाताने, आणि देवाची आंघोळही डाव्या हाताने. लग्न होऊन आल्यावर सासूने हे पाहिले, तेव्हा त्यांच्या हातातून ताम्हन काढून घेतले. पुढे नवरा ऐन तरुणपणी गेला आणि सुतकात आलेल्या बायकांसमोर सासू म्हणाली, डाव्या हाताची पूजा फळाला आली. सासू वारल्यावर देव यांच्याकडे आले आणि त्या दिवसापासून दार बंद झाले. ना मुलाला माहीत, ना सुनेला. "उजव्या हातानं करून बघितलं, भाऊ. देव निसटतो. मंग मी म्हनलं, पडलेला देव चालंल का डाव्या हातातला?"

खूण कोणती, हे आता माझ्या ध्यानात आले. उजव्या हाताचा माणूस टाक डाव्या हातात धरतो आणि उजव्या अंगठ्याने चोळतो. अंगठा तिरका पडतो आणि झीज एका अंगाला उतरते. नर्सबाईंचा खंडोबा दुसऱ्या अंगाने झिजलेला होता. सासूची झीज पुसून त्यांच्या अंगठ्याची खळगी त्याच्यावर पडली होती. त्यापेक्षा पक्का पुरावा मी माझ्या बांधाच्या दाव्यातही कधी दाखल करू शकलेलो नाही. पण तो उघड करायचा म्हणजे भर न्यायालयात सांगायचे, की मी आयुष्यभर डाव्या हाताने पूजा केली. गावात असे पुष्कळ होते, ज्यांना नवऱ्याच्या मरणाचा तो जुना आरोप आठवला असता. नवरात्र तोंडावर आलेले. घट बसवायला देव हवेत, आणि देव आणावेत तर घट बसवू देतील की नाही, हा प्रश्न.

मुलाने सोपा मार्ग सुचवला. तो रविवारी आला आणि मोबाइलवर नव्या टाकांची चित्रे दाखवू लागला. "आई, कशाला कोर्टाच्या पायऱ्या? नवे करू. जड करू. हे बघ, नाक-डोळे किती रेखीव आहेत."

त्यांनी मोबाइल हातात धरून चित्रे निरखली. "लई देखने हायेत. पन हे कोन? माझी ह्यांची वळख न्हाई."

"अगं, खंडोबाच आहे तो."

"आसंल. तू माझ्या वॉर्डातला न्हाई म्हनलं तर राग यील का त्याला?"

मुलगा गेल्यावर त्या माझ्या जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, अर्जात लिहा : खूण आहे, ती अर्जदार स्वतः न्यायालयात दाखवील. हाताबद्दल काय लिहू नका. ते मी बोलीन."

पितृपंधरवड्यात तारीख लागली. न्यायदंडाधिकारी वयाने लहान होत्या, पण फाईल वाचून आलेल्या. अशी माणसे आसनावर दिसली की माझा निम्मा राग ओसरतो. पिशवीचा शिक्का त्यांच्यासमोर फोडला. सरकारी वकील म्हणाले, दोन्ही अर्जदार एकाच नगावर हक्क सांगतात, ओळख निश्चित नाही, सबब अर्ज फेटाळावेत. पैलवान फेटा काखेत धरून उभे होते. मुलगा मागच्या बाकावर होता.

"बाई, तुमची खूण सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी एकदा मागे पाहिले. न्यायालय भरलेले होते आणि त्यातले निम्मे लोक आमच्याच गावचे. मग त्या असा आवाज लावून बोलल्या, जसा प्रसूतीच्या खोलीतून बाहेर पोहोचत असावा.

"मॅडम, मी डावखुरी हाय. देवाची आंघोळ डाव्या हातानं करते. लपवून करत आले. हा देव डाव्या अंगठ्यानं झिजलाय. तुमचा उजवा अंगठा ठेवून बघा, बसायचा न्हाई. डावा ठेवा."

मागे कुजबुज उठली. कोणी तरी "आई गं!" म्हणाले. न्यायाधीशबाईंनी टाक उचलला. उजवा अंगठा ठेवला, तो घसरला. मग टाक दुसऱ्या हातात घेऊन डावा ठेवला, आणि तो खळगीत बसला. त्यांनी भवानी घेतली, वीर घेतला. तिथेही तसेच. नंतर पिशवीतले वरचे काही टाक एकेक करून पाहिले. ते सारे उलट्या अंगाने झिजलेले होते.

"उजव्या हाताने का करत नव्हता?" त्यांनी विचारले. प्रश्नात दोष नव्हता, कुतूहल होते.

"ज्याला जपायचं, त्याला मी ह्याच हातानं धरते, मॅडम. निम्म्या तालुक्याची पोरं ह्या हातावर आली. तवा कुनी उजवा मागितला न्हाई. हे पैलवान बी भाईर व्हरांड्यात रडत हुते. ह्यांनी बी न्हाई मागितला."

सारे न्यायालय हसले. शिपाई ‘शांतता’ म्हणता म्हणता स्वतः हसला. मागून मुलगा उठला, "आई, हे तू मला कधी..."

"गप. कोर्ट चालू हाय."

पैलवानांनी हात पुढे केला. "मला द्या बरं एकदा." त्यांनी टाक त्या राकट पंजात घेतला, आपला उजवा अंगठा ठेवून पाहिला, आणि मान हलवली. "न्हाई. आमच्या म्हातारीचा हात उजवा हुता. हा माझा न्हाई. मी अर्ज मागं घेतो." मग ते पिशवीवर वाकले आणि तळातून एक काळाठिक्कर, कोणीच नीट न पाहिलेला टाक काढला. घोड्याची मान तीच. झीज उजवी. त्यांनी तो छातीशी धरला.

इथे माझे खरे काम सुरू झाले. आदेशाचा मसुदा वाचला गेला, त्यात नेहमीची अट होती : मुद्देमालाच्या स्वरूपात कोणताही बदल करू नये. मी उभा राहिलो. अर्जदाराचा सहायक म्हणून मला बोलण्याची परवानगी मिळाली. मी म्हणालो, "महोदया, देवाला रोज आंघोळ घातली की तो झिजतो. झीज हा स्वरूपातला बदल आहे. म्हणजे ही अट पाळायची तर पूजा बंद, आणि पूजा करायची तर न्यायालयाचा अवमान. या माउलीने कोणता गुन्हा करावा, ते न्यायालयाने सांगावे." सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी मात्र पेन काढले आणि आदेशाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : ‘नित्य स्नान व पूजा यांस या अटीने प्रतिबंध होणार नाही.’ मी आजवर अनेक खात्यांना असंख्य पत्रे लिहिली. त्यांतल्या बहुतेकांना उत्तरच आले नाही. ही एक ओळ त्या सगळ्यांची भरपाई आहे, असे मी मानतो.

सुपूर्तनाम्यावर सह्या झाल्या. देव हातात आले, पण कसे? अंगावर शाईचे डाग, पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, लाखेचे ओघळ. मुलगा म्हणाला, गाडी काढतो, घरी जाऊ. बाई म्हणाल्या, असल्या अंगानं मी त्यांना उंबरा ओलांडू देनार न्हाई. आणि त्या न्यायालयाच्या आवारातल्या नळाकडे चालू लागल्या.

हवालदार धावला. "ओ बाई! मुद्देमालाला पानी?"

मी आदेशाची प्रत त्याच्या नाकासमोर धरली. "वाचा. शेवटची ओळ. मोठ्याने वाचा." त्याने वाचली. मोठ्याने. मग त्यानेच नळ सोडला.

नर्सबाई कठड्यावर बसल्या. पदर खोचला. उजव्या तळहातावर खंडोबा ठेवला आणि डाव्या अंगठ्याने चोळू लागल्या. भर दुपारी, उघड्यावर, दाराशिवाय. वकील, पक्षकार, टंकलेखक, चहावाला, आमच्या गावच्या बायका, सारे भोवती जमले. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, तशी नर्सबाईंनी मान वर केली. "कुजबुज नगं. आन्‌ ओ वकीलसाहेब, जरा सरका. देवावर सावली पडती तुमची." वकीलसाहेब सरकले. लाख निघाली, शाई निघाली, चिठ्ठीचा डिंक निघाला. आणि त्या नाकडोळे नसलेल्या चांदीवर ऊन असे लखलखले की पुढे उभ्या असलेल्यांनी डोळे बारीक केले. मुलाने शर्टाचे बटण काढून बनियनच्या टोकाने भवानी पुसायला घेतली. त्याला कोणी सांगितले नव्हते.

गर्दी फाकली आणि पैलवान पुढे आले. गावच्या बायकांना वाटले, आता हे काही तरी बोलणार. ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, आणि आपला काळाठिक्कर खंडोबा त्यांनी ओंजळीत पुढे धरला.

"नर्सबाई, म्हातारी गेल्यापास्नं ह्याला नीट आंघोळ न्हाई. ह्याला बी घ्या की."

"नंबर लावा, पैलवान. वीर ऱ्हायलाय अजून."

"बसतो. किती बी येळ बसतो."

वीराची आंघोळ झाली. नर्सबाईंनी हात झटकले, आणि सगळ्या आवारासमोर आपला डावा हात त्यांच्यापुढे पसरला. "आना हिकडं."

पैलवानांनी आपला देव त्या हातात ठेवला.